दुभंगलेली नदी

मणिपूरच्या डोंगरांतून उतरणारी बराक नदी आसामच्या सीमेवर सुरमा आणि कुशियारा अशा दोन शाखांत विभागते. पुढे बांगलादेशात त्या पुन्हा एकत्र येऊन मेघना होतात. पावसाळ्यात तेथील ‘हाओर’ नावाच्या पाणथळी सागरासारख्या पसरतात. गावे बेटे भासतात. जुलै १९४७ च्या सार्वमतानंतर सिल्हेट पूर्व पाकिस्तानात गेले, करीमगंज आसामात राहिले आणि कुशियारा सीमा झाली. दोन्ही तीरांवर बोली मात्र सिल्हेटीच! बंगालीलाही राज्यकारभारात स्थान मिळावे, म्हणून १९ मे १९६१ रोजी सिलचर रेल्वे स्थानकावर सत्याग्रह चालू असता गोळीबार झाला. ११ जणांचा बळी गेला. ढाक्याच्या १९५२ च्या हुतात्म्यांइतके हे कोणास ठाऊक नाहीत. त्यांत नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली कमला भट्टाचार्य होती. तिचे कुटुंब सिल्हेट सोडूनच सिलचरला आले होते.