समुद्रकाठचे फिरंगी गाव
(नभोवाणीवरील भाषण)

बऱ्हाणपूर, धूलकोट या बाजूच्या श्रोत्यांचा पाण्याशी सारा व्यवहार तापीचा आणि विहिरीचा. समुद्र येथून लांब. साहजिकच सुटीत समुद्रावर जावयाचे ठरले की मुंबईची चौपाटी किंवा गोवा, यांपलीकडे सहसा विचार जात नाही. गोव्याच्या नावात एक विशेष मोह असतो. जुना तट, चर्चचा मनोरा आणि पुढ्यात समुद्र, असे फिरंगी वळणाचे गाव आपणास पाहावयाचे असते. खुद्द पोर्तुगालात लिस्बनजवळ कश्काइश नावाचे असेच एक कोळ्यांचे गाव आहे. १८७० पासून तेथील राजघराणे उन्हाळ्यात त्या गावी राहू लागले. मागोमाग प्रतिष्ठित मंडळी आली आणि जाळी वाळविण्याच्या जागी हवा खाणाऱ्यांची गर्दी झाली. आपल्या रायगड जिल्ह्यातील रेवदंड्यास असा राजाश्रय लाभला नाही, हे पाहुण्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

रेवदंडा व त्याला लागून असलेले प्राचीन चौल ही कुंडलिका नदीच्या मुखाजवळची गावे. १५८३ साली राल्फ फिच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यास पोर्तुगीजांनी होर्मुझ येथे पकडले आणि गोव्याकडे नेले. त्या प्रवासात त्याने चौल पाहिले. येथे दोन शहरे आहेत, समुद्रालगतचे पोर्तुगीजांचे आणि दुसरे मुसलमानांचे, असे तो सांगतो. माडाचे झाड पाहून तर तो थक्कच झाला. एकाच झाडापासून मद्य, तेल, साखर, दोर, चटया आणि घराचे छप्पर! हाच फिच पुढे गोव्यातून निसटला आणि उत्तरेकडे जाताना बऱ्हाणपुरास आला. तेथील विपुल सुती कापडाची आणि पावसाळ्यात रस्त्यांतून घोड्यावाचून जाता येत नाही इतक्या पाण्याची त्याने नोंद केली आहे. एकाच माणसाच्या प्रवासवर्णनात ही दोन गावे अशी शेजारी बसली आहेत.

रेवदंड्यास काय करावे? पहिला दिवस तटासाठी ठेवावा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला हा किल्ला वसईच्या पाडावानंतर १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि नांदती घरे आहेत. त्यांतच सातखणी मनोरा उभा आहे. नावाप्रमाणे सात खण आता राहिलेले नाहीत. तरीही मान वर करून पाहावे एवढी उंची शिल्लक आहे. मोटारीतून उतरून अर्ध्या तासात हे सारे उरकणारे आणि काशीदच्या वाळूकडे धावणारे पाहुणे पुष्कळ. त्यांनी काय पाहिले, हे त्यांनाच ठाऊक.

तटाची समुद्राकडील बाजू पाहावयाची ती ओहोटीच्या वेळी, वाळूवरून चालत. यासाठी घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीस तिनाने गुणावे आणि चाराने भागावे, येईल तितके वाजता भरती पुरी होते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीस तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. त्या दिवशी सकाळी आठाला निघावे आणि दहाच्या आत परतावे, कारण पाणी फिरले की वाट पाहत थांबत नाही. अमावास्या-पौर्णिमेस उधाण असते, पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा चढउतार थोडा. हे गणित मिनिटाला धरून चालणारे नव्हे. नेमकी वेळ कोळ्यास विचारून घ्यावी. आणि जो तापीच्या डोहात लहानपणापासून पोहला आहे, त्यानेच समुद्रात अधिक जपावे. नदीचे पाणी एका दिशेने वाहते, हे अंगवळणी पडलेले असते. येथे पायाखालची वाळूच ओढली जाते. ओहोटीच्या वेळी कमरेपुढे जाऊ नये. पोहता येणारी तरुण मुले दरवर्षी या किनाऱ्यावर बुडतात, ती बहुधा आतल्या प्रदेशांतूनच आलेली असतात.

दुसऱ्या दिवशी चौलचे रामेश्वराचे देऊळ आणि त्यापुढील पुष्करिणी पाहावी, दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या चढाव्यात. गावातील बेने इस्रायल मंडळींचे सिनेगॉगही पाहण्याजोगे आहे.

तिसरा दिवस मात्र कोरलईसाठी राखून ठेवावा. खाडीवरील पूल ओलांडला की लांबट डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. त्याच्या माथ्यावर किल्ला आणि पायथ्याशी गाव. निजामशाहीने उभारलेले हे ठाणे पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकले. परंतु किल्ल्याहून मोलाची गोष्ट गावात आहे, आणि ती डोळ्यांनी दिसत नाही. येथील ख्रिस्ती कुटुंबे घरात जी भाषा बोलतात तिला ती 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण सत्ता गेल्यावर पोर्तुगालशी संबंध तुटला, सभोवती मराठी, त्यामुळे वाक्याची ठेवण आपल्यासारखी होत गेली आणि क्रियापद शेवटी येऊ लागले. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने या भाषेवर १९९६ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बोलणारे हजाराच्या आसपास. मुले मराठी शाळेत शिकतात, तरुण कामासाठी बाहेर जातात. भाषा घरात राहील किंवा नाही, याचा निर्णय त्या घरांतच व्हावयाचा आहे.

पाहुण्याने तेथे 'जरा बोलून दाखवा' असा आग्रह धरू नये. माणसे म्हणजे प्रदर्शनातील वस्तू नव्हेत. मासळी घ्यावी, रस्ता विचारावा, चर्चच्या आवारात क्षणभर बसावे. आपापसातले बोलणे कानी पडेल तेवढे पडू द्यावे. ते अगदीच परके वाटणार नाही. चावी, पगार, बटाटा, पाव, घमेले, हे शब्द धूलकोटच्या घरातही रोज बोलले जातात, आणि ते त्याच गलबतांतून आले आहेत.

बऱ्हाणपुराहून मुंबई रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटर. तेथून गेटवेवरून लाँचने मांडव्यास, पुढे अलिबागमार्गे मोटारीने रेवदंड्यास. पावसाळ्यात लाँच बंद असतात. तेव्हा कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांत, शक्यतो चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुक्कामास पोहोचावे.