वाहत्या पाण्याचा अभ्यास

झाशीचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात किल्ला उभा राहतो. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ने ती वाट आपल्या ओळखीची करून ठेवली आहे. पण गावापासून थोड्याच अंतरावर, ओरछ्याच्या छत्र्यांच्या पायथ्याशी बेतवा वाहते. कालिदासाची वेत्रवती ती हीच. आज बोलावयाचे आहे ते तिच्या प्रवाहाविषयी.

बेतवेला वीज नवी नाही. वरच्या अंगाला माताटीला धरणावर 30.6 मेगावॅट क्षमतेचे वीजघर आहे. परंतु ते काम अडविलेल्या पाण्याचे. पाणी न अडविता प्रवाहातच चक्र बुडवून वीज काढणे ही कल्पना निराळी. पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर 1 चौरस मीटर छेदातून जाणाऱ्या प्रवाहात 500 वॅट शक्ती असते; वेग 2 मीटर झाला की तीच 4,000 वॅट होते. वेग दुप्पट, शक्ती आठपट! तीही सगळी हाती येत नाही. मोकळ्या प्रवाहातल्या चक्राला फार तर 59 टक्के मिळू शकते, आणि व्यवहारात त्याहून कमीच.

हा नियम मोठा कठोर आहे. वेग 10 टक्के जास्त धरला गेला, तर विजेचा अंदाज 33 टक्क्यांनी फुगतो. शिवाय आषाढात खडकांवरून उसळणारी नदी वैशाखात डोहाडोहांत विसावते, म्हणून वर्षाची सरासरी येथे फसवी ठरते. चक्राच्या आधी मोजमाप हवे, आणि तेही सर्व ऋतूंचे.

आता अडचण पाहा. बेतवा यमुनेला मिळते, यमुना गंगेला. आणि गंगेचे खोरे अनेक राष्ट्रांचे. त्यामुळे केंद्राच्या 2018 च्या माहितीविषयक धोरणात या खोऱ्यातील प्रवाहाचे आकडे गोपनीय वर्गात ठेवलेले आहेत. नाशिकच्या विद्यार्थ्याला गोदावरीचे आकडे खुले. झाशीच्या विद्यार्थ्याला मात्र अर्ज करावा लागतो, गोपनीयतेची हमी लिहून द्यावी लागते. शिवाय झाशी उत्तर प्रदेशात, ओरछा मध्य प्रदेशात! या निर्बंधाला मी खुळा म्हणणार नाही. शेजाऱ्यांशी पाण्याचे नाते नाजूक असते. पण अर्जाचे उत्तर आश्विनात आले, तर पावसाळा निघून गेलेला असतो. कागदावर उशीर तीन महिन्यांचा, नदीवर तो एका वर्षाचा.

अमेरिकेत यासाठी अभ्यासाचा परवाना आणि उभारणीचा परवाना असे दोन भाग केलेले आहेत. पहिल्याने जागेवर अग्रहक्क मिळतो, बांधण्याचा अधिकार मिळत नाही. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये (ती नावाचीच नदी, खरे म्हणजे सामुद्रधुनी) प्रयोगासाठी बुडविलेल्या पहिल्या चक्रांची पाती प्रवाहाने मोडून टाकली. उभारणीचा परवाना पुढे 2012 मध्ये मिळाला. मोडलेली पाती हाही अभ्यासाचाच भाग, आणि तो थोडक्यात आटोपला हे बरे झाले.

ओरछ्याला घाटावर स्नाने होतात, नावा चालतात, मासेमारी होते. तेव्हा चक्र बसविणाऱ्याला शंभर प्रश्न विचारावेत. प्रवाहमापक घेऊन नावेत बसणाऱ्याला मात्र एकच विचारावा: कोठे आणि किती दिवस?

आणखी एक गोष्ट. 25 डिसेंबर 2024 रोजी खजुराहो येथे केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी झाली. केनेचे पाणी कालव्याने या खोऱ्यात येऊ लागले की नदीचे हिशेब बदलतील. आजची बेतवा मोजावयाची, तर ती त्याआधीच.