पिसें झडण्याच्या दिवसांतील कोंबडी

पाऊस ओसरूं लागतो, दसरा-दिवाळी जवळ येते, आणि परसांतल्या कोंबडीचें रूप एकाएकीं पालटतें. काल-परवांपर्यंत तुकतुकीत दिसणारी कोंबडी मानेवर उघडी पडते. शेपटी लांडी होते, तुरा फिका पडून आक्रसतो, आणि अंडें तर बंदच होतें. सकाळीं खुराडें उघडावें तों आंत पिसांचा सडा पडलेला असतो. अशा वेळीं घरांत दोन बोल ऐकूं येतात. 'हिला कांहीं रोग जडला,' हा एक. आणि 'आतां ही अंडें देत नाहीं, तर दाणा तरी कशाला नासावयाचा? येत्या बाजारीं विकून टाका,' हा दुसरा. हे दोन्ही बोल बहुधा अन्यायाचे असतात. आणि ज्या घरीं अंड्यांच्या पैशावर मीठ-मिरची व मुलांच्या वह्या चालतात, त्या घराला हा अन्याय चांगलाच महाग पडतो.

पिसें झडणें हा रोग नव्हे; तो पक्ष्याचा वार्षिक धर्म आहे. २१ जूननंतर दिवस लहान होऊं लागतो. महाराष्ट्रांत सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांहून थोडें अधिक अंतर असतें. मनुष्याच्या तें फारसें ध्यानांत येत नाहीं. पण कोंबडीचें शरीर तें बरोबर ओळखतें. उजेड घटला कीं अंड्यांचें काम थांबतें, आणि वर्षभर झिजलेलीं पिसें टाकून नवीं घालण्याचें काम सुरू होतें. आधीं डोकें व मान, मग छाती व पाठ, शेवटीं पंख व शेपटी, असा त्याचा साधारण क्रम आहे. उघड्या जागीं बारकाईनें पाहावें. सुईच्या टोंकासारखे नवे कोंब दिसले, तर चिंता नको. कोंब नसून कातडी लाल झाली असेल किंवा तिच्यावर खपल्या असतील, तर मात्र किडा अथवा दुसऱ्या कोंबड्यांची टोंच हें कारण समजावें.

कोणती कोंबडी ठेवावी व कोणती काढावी, हेंही याच वेळीं पंख पाहून कळतें. पंखाच्या टोंकाकडे दहा मोठीं पिसें असतात. तीं आंतल्या बाजूनें बाहेरच्या बाजूकडे क्रमानें गळतात, आणि प्रत्येक नवें पीस पुरें वाढावयास सुमारें सहा आठवडे लागतात. कमी अंडीं देणारी कोंबडी लवकर पिसें टाकूं लागते, आणि तींही एकेक करून; तिचे चार-पांच महिने त्यांतच जातात. भरपूर अंडीं देणारी कोंबडी उशिरां पिसें टाकते, पण दोन-दोन, तीन-तीन एकदम टाकते, आणि दोन-तीन महिन्यांत मोकळी होते. म्हणजे कार्तिकांत जी सर्वांत केविलवाणी दिसते, तीच पुष्कळदां वर्षभर सर्वांत अधिक राबलेली असते. वारंवार खुडूक बसणाऱ्या गांवठी कोंबडीस हा हिशेब इतका काटेकोरपणें लागूं पडत नाहीं. तथापि रूपावरून तिला सुरीखालीं घालूं नये, एवढा बोध तेथेंही खरा आहे.

आतां खाण्याचा विचार. अंडें नाहीं म्हणून दाणा कमी करणें, ही या दिवसांतील मोठी चूक होय. पिसाच्या वजनांत शेंकडा ८५ हून अधिक भाग प्रथिनांचा असतो, आणि त्यांतही गंधकयुक्त द्रव्यांची गरज विशेष असते. ज्वारी, बाजरी, मका यांत प्रथिनें शेंकडा दहाच्या आसपास, आणि तांदळाच्या कणींत त्याहूनही कमी. नुसत्या कणीवर ठेवलेल्या कोंबडीचीं पिसें म्हणूनच रेंगाळतात. या दिवसांत खाद्यांत प्रथिनांचें प्रमाण शेंकडा वीसच्या सुमारास असावें. त्यासाठीं दहा भाग खाद्यांत सहा भाग भरडलेलें धान्य, एक भाग कोंडा, दोन भाग शेंगदाण्याची व तिळाची पेंड, आणि एक भाग सुकी मासळी घ्यावी. तिळाच्या पेंडींत गंधकाचा अंश चांगला असतो. तिची जी उणीव असते ती मासळी भरून काढते. मासळी खारवलेली असल्यास धुऊन वाळवून घ्यावी. अधिक मीठ कोंबडीस बाधतें. मासळी चालत नसेल त्या घरीं सोयाबीनची पेंड घालावी. शेवग्याचा पाला व वाळवी हे तर फुकटचे जिन्नस आहेत. शिंपल्यांचा चुरा खाद्यांत न मिसळतां निराळ्या भांड्यांत ठेवावा. अंडें बंद असतां चुन्याची गरज थोडी असते.

एक इशारा अवश्य ध्यानांत ठेवावा. बुरसलेली पेंड कदापि घालूं नये. १९६० सालीं इंग्लंडांत एक लक्षाहून अधिक टर्की पक्षी मेले, तें शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीच्या विषानें. पावसाळ्यांत दमट कोपऱ्यांत राहिलेली पेंड तसलीच घातक होऊं शकते.

दुसरा शत्रू किडा. पावसाळ्यांत कोंबडीला लोळावयास कोरडी माती मिळत नाहीं, आणि पिसांतील उवा-किडे वाढतात. त्यांत इंग्रजींत 'माइट' म्हणतात तो तांबडा किडा सर्वांत कपटी होय. तो एका मिलिमीटरहूनही लहान असतो. दिवसा तो कोंबडीच्या अंगावर सांपडत नाहीं. बसावयाच्या दांडीच्या भेगांत लपतो, आणि रात्रीं बाहेर येऊन रक्त पितो. उष्ण हवेंत आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते, आणि उपाशी तो कित्येक महिने जगतो. म्हणून रिकामें खुराडें निर्धोक समजूं नये. अंधार पडल्यावर दांडीच्या खालच्या अंगास पांढरें फडकें फिरवावें. फडक्यावर रक्ताचे डाग उमटले कीं चोर सांपडला. दुसऱ्या जातीचा माइट अंगावरच राहतो. त्याच्यासाठीं गुदद्वाराजवळचीं पिसें उकलून पाहावीं. पायांचे खवले उचललेले दिसले, तर तिसऱ्या जातीचा माइट समजून तेथें खोबरेल तेल चोळावें.

उपाय घरगुतीच आहेत. खुराड्यांतील जुना पेंढा जाळावा. दांड्या काढून त्यांवर व भेगांत उकळतें पाणी ओतावें, उन्हांत वाळवाव्या, भेगा बुजवाव्या व भिंतींस चुना द्यावा. सात दिवसांनीं हें सर्व पुन्हा करावें; कारण पहिल्या खेपेस वांचलेल्या अंड्यांतून तोंवर नवे किडे निघालेले असतात. छपराखालीं एका खोक्यांत कोरडी माती, वाळू व चाळलेली राख ठेवावी. कोंबडी आपली आंघोळ आपणच करते. विकत आणलेली कोंबडी निदान पंधरा दिवस वेगळी ठेवावी. शेतांतील कीटकनाशक मात्र कोंबडीवर वा खुराड्यांत फवारूं नये. २०१७ सालीं युरोपांत याच तांबड्या किड्यासाठीं फिप्रोनिल नांवाचें निषिद्ध औषध वापरलें गेलें. तें अंड्यांत उतरलें, आणि लक्षावधि अंडीं बाजारांतून परत घ्यावीं लागलीं. औषध हवेंच असेल, तर गुरांच्या डॉक्टरास विचारून घ्यावें, आणि अंडीं किती दिवस खाऊं नयेत हेंही विचारावें.

शेवटीं एक गोष्ट. नव्या पिसांच्या कोंबांत रक्त असतें व ते दुखतात; म्हणून मुलांनीं या दिवसांत कोंबडी उगाच धरूं नये. स्वच्छ पाणी, कोरडी जागा व पोटभर सकस दाणा एवढें मिळालें, कीं नवीं पिसें अंगभर येतात, तुरा पुन्हा लाल होतो, आणि थांबलेलीं अंडींही पुन्हा सुरू होतात. जी कोंबडी वर्षभर घराला हातभार लावते, तिला हे दोन-तीन महिने घरानें सांभाळावें, हाच यांतील खरा हिशेब आहे.