भीमाकाठचा नगारा, मागदालेनाकाठचा ढोल

भीमा-अमरजा संगमाजवळच्या गाणगापुरी, निर्गुण मठात, सायंआरतीस नगारा व घंटा यांचा एकच निनाद उठतो, तेव्हा तो कानांआधी छातीत उतरतो. दूर कोलंबिया मुलखातील मागदालेना नदीच्या खोऱ्यात, आफ्रिकेतून दास्यात आणलेल्यांचे ढोल आणि मूळ रहिवाशांची, मेण व कोळशाच्या भुकटीचे मुख अन् पिसाच्या देठाची फुंकणी असलेली 'गायता' बासरी यांच्या संयोगातून जन्मलेल्या कुंबिया या संगीताचा प्रत्ययही तसाच. त्यात लहानगा 'यामादोर' ढोल ठेका अढळ राखतो, 'आलेग्रे' ढोल त्यावर स्वच्छंद खेळतो. त्याच देशात १९८० नंतरच्या दशकात हिंसाग्रस्त मेदेयीन शहरातून 'पाराबेलम'सारख्या वाद्यवृंदांनी हेवी मेटलचा आक्रोश उठविला. तोही त्या भूमीचाच अस्सल उद्गार होय. पुन्हा ढोलांकडे वळायचे तर, तोतो ला मोम्पोसिना या गायिकेची १९९३ ची 'ला कांदेला विवा' ही ध्वनिमुद्रिका आपण अवश्य ऐकावी.