नियमांचें यंत्र आणि अनुभवाचें यंत्र

महिनाअखेर कारखान्याचें पगारपत्रक तयार करणारी आज्ञावली आणि छायाचित्रांतील चेहरा ओळखणारी आज्ञावली, या दोहोंनाही हल्लीं 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हें एकच नांव सर्रास दिलें जातें. विकणाऱ्याला तें सोयीचें असतें. घेणाऱ्याला महागांत पडण्याचा संभव असतो.

पगारपत्रकाची रीत साधी आहे. अमुक वेतनावर अमुक भत्ता, बिनपगारी रजा असेल तर तितक्या दिवसांची कपात, असे नियम कोणा माणसानें आधीं लिहून ठेवलेले असतात. संगणक ते न कंटाळतां पाळतो. एखादा नियमच चुकीचा असेल तर तोही तो तितक्याच निष्ठेनें पाळतो! पण ती चूक कोठें आहे हें नियमावली उघडून हिशेबनिसाला दाखवितां येतें.

ही रीत केवळ कारकुनी कामापुरतीच आहे असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९७० नंतरच्या दशकांत एडवर्ड शॉर्टलिफ व त्यांचे सहकारी यांनीं 'मायसिन' नांवाची आज्ञावली रचिली. रक्तांतील जंतुसंसर्गावर कोणतें औषध द्यावें याचा सल्ला ती देई. तज्ज्ञांकडून मिळविलेले कित्येक शें नियम तींत होते. तिनें एखादा प्रश्न विचारला आणि डॉक्टरानें उलट 'कां?' असें विचारलें, कीं ज्या नियमासाठीं ती माहिती हवी असे, तो नियमच ती समोर मांडी. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत, सल्ला कोणाचा हें न सांगतां, आठ तज्ज्ञांकडून तो तपासून घेण्यांत आला. मायसिनला ६५ टक्के मान्यता मिळाली. त्याच विद्यापीठांतील पांच अध्यापकांना ४२.५ पासून ६२.५ टक्क्यांपर्यंत. तरीही रोजच्या व्यवहारांत ती कधीं वापरली गेली नाहीं. (त्या काळीं तिलाही कृत्रिम बुद्धिमत्ताच म्हणत, तेव्हां केवळ नांवावर फार विसंबूं नये.)

परंतु कांहीं कामें अशीं आहेत कीं त्यांचे नियम जाणत्यालाही सांगतां येत नाहींत. लपेटून लिहिलेला सात आणि घाईनें लिहिलेला एक यांतील फरक टपालवाला क्षणांत ओळखतो. पण तो कसा ओळखला हें त्याला लिहून देतां येणार नाहीं. १९८९ सालीं बेल प्रयोगशाळेंत यान लकून व त्यांचे सहकारी यांनीं पाकिटांवरील हस्तलिखित आंकड्यांचे हजारों नमुने यंत्रापुढें ठेवले. प्रत्येक चुकीबरोबर यंत्रांतील संख्या किंचित् बदलत गेल्या, आणि यंत्र आंकडे ओळखूं लागलें. येथें नियम कोणीं लिहिला नाहीं. तो उदाहरणांतून उतरला, आणि तोही कोणाला वाचतां न येणाऱ्या स्वरूपांत.

याची किंमत काय, हें पिट्सबर्ग येथील एका संशोधनांत दिसून आलें. न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला रुग्णालयांत ठेवावें व कोणाला औषध देऊन घरीं पाठवावें, हें ठरविण्यासाठीं १९९० नंतरच्या दशकांत तेथें १४ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी निरनिराळ्या पद्धतींना शिकविण्यांत आल्या. अचूकपणांत उदाहरणांवरून शिकणारें जाळें सरस ठरलें. पण त्याच नोंदींवरून दुसऱ्या एका पद्धतीनें वाचतां येतील असे नियम काढले, आणि त्यांत एक विलक्षण नियम निघाला : रुग्णाला दमा असेल तर मृत्यूचा धोका कमी!

नोंदी खोट्या नव्हत्या. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला कीं डॉक्टर त्याला तांतडीनें अतिदक्षता विभागांत हलवीत, आणि त्या शुश्रूषेमुळें तो वांचे. यंत्राला शुश्रूषा दिसली नाहीं; वांचलेला दमेकरी तेवढा दिसला. त्याच्या सल्ल्यानें चाललें असतें तर त्याच दमेकऱ्याला घरची वाट दाखविली गेली असती.

जाळें शिकविणारे रिच कारुआना यांनींच तें रुग्णांवर वापरूं नये असा सल्ला दिला, आणि तो योग्यच होता. दम्याची चूक दुरुस्त करणें अवघड नव्हतें. पण तशाच दुसऱ्या किती चुका आंत दडल्या आहेत, हें सांगण्याचें सामर्थ्य कोणांतही नव्हतें. पुढें २०१५ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, शिकणारी पण वाचतांही येणारी अशी पद्धत त्याच रोगाच्या नोंदींवर चालविली. दम्याची चूक पुन्हां उमटली, आणि तिच्या जोडीला आणखी दोन : फुफ्फुसांचा जुना विकार असलेले आणि पूर्वीं छातींत दुखत असलेले रुग्णही तींत कमी धोक्याचे ठरले होते.