वहीत नसलेले जागरण

आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातून घरचं दुखणं शेजारणीच्या हवाली करून आज लोणावळ्यात आलेल्या बहिणींनो आणि भावांनो,

मला आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नावानं सरकार जो पैसा देतं, तो कशाचा आहे आणि त्याचा हिशेब कसा ठेवायचा?

माझी आई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होती. मी वही ठेवायचो. डायपर, मलम, एअरबेडचा पंप, कामशेतच्या रिक्षाचं भाडं, सगळं तारीखवार. आई गेल्यावर ती वही पुन्हा वाचली. औषधांचा रुपयान् रुपया लिहिलेला होता. पण रात्री दर दोन तासांनी उठून आईची कूस बदलणारी माझी वहिनी त्यात कुठेच नव्हती. दोन पावसाळे ती भाताच्या आवणीला गेली नाही. त्या बुडालेल्या मजुरीलाही रकाना नव्हता. चूक माझीच होती, पण सरकारी कागदातही तो रकाना नाही, म्हणून ती इथे सांगतो.

गावात या सरकारी पैशाला ‘पगार’ म्हणतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. तिचं आणि श्रावणबाळ योजनेचं अनुदान २०२३ मध्ये हजाराचं दीड हजार झालं. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार. वाढ झाली, चांगलंच झालं. तरी दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. शिवाय काठी टेकत एसटीपर्यंत जाणाऱ्याला जेवढे, तेवढेच हातात चमचाही न धरता येणाऱ्याला. ही रक्कम पोटापुरती आहे. सेवेचा पैसा वेगळा असतो, आणि तो मागायचा हक्क आपल्याला कायद्यानं दिलेला आहे.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३८ प्रमाणे अशा आधारासाठी स्वतः अर्ज करता येतो, किंवा दुसरी व्यक्ती अथवा संस्था त्याच्या वतीनं करू शकते. मग मूल्यांकन मंडळ गरज तपासतं. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणावरच्या रुग्णाची सेवा करणाऱ्याला महिना सहाशे रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी, पण तिथे सेवा करणारीला सरकार दरबारी नाव मिळालं, हे मी मोठं मानतो.

इंग्लंड याच्या पुढे गेलं. सेवेऐवजी पैसा थेट माणसाच्या हाती द्यायचा कायदा तिथे १९९६ मध्ये झाला. २०१४ च्या कायद्यानं आधी गरज मोजायची, मग तिच्याएवढी रक्कम प्रत्येकाच्या नावानं ठरवायची, अशी रीत पक्की झाली. मदतनीस कोण ठेवायचा, किती वाजता बोलवायचा, हे ज्याचं शरीर त्यानं ठरवायचं. हे तत्त्व आपण जसंच्या तसं घ्यावं. मात्र त्याच घरात राहणाऱ्या नातेवाइकाला त्या पैशातून मेहनताना देण्यावर तिथे बंधन आहे. खास गरज पटली तरच मुभा. हा नियम मावळात चालणार नाही. ब्यूरोकडून येणारी मदतनीस मावशी तळेगाव-लोणावळ्यात मिळते, भर जुलैत खांडी गावाला कोण पोचणार? तिथे सून आहे, लेक आहे, नाहीतर शेजारीण आहे. मेहनताना तिलाच मिळाला पाहिजे.

‘पैसा घरचे उडवतील’ ही शंका मला नेहमी ऐकवली जाते. पावत्या मागून ती मिटत नाही. पावत्या कुठेही मिळतात. महिन्यातून एकदा जाणत्या माणसानं घरी यावं, रुग्णाच्या संमतीनं त्याची पाठ बघावी, त्याच्याशी एकट्यात बोलावं. पाठीला जखम नाही, अंग स्वच्छ आहे, माणूस मोकळेपणानं बोलतो आहे, तर हिशेब बरोबर आहे. यापेक्षा खरं ऑडिट मला ठाऊक नाही.

सरकारच्या भत्त्याची वाट पाहत बसायचंही कारण नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्याकडे बंगले, रिसॉर्ट, कारखाने यांची घरपट्टी येते. या पाच टक्क्यांतून गावातल्याच एका बाईला दिवसाचे दोन तास मदतीला पाठवता येतील. तेवढ्यात घरची बाई आवणीला जाऊन येणार नाही, हे खरं. पण अंघोळ करेल, झोपेल.

आजपासून आठ दिवस वही ठेवा. खर्चाची नको, तासांची. कोण उठलं, किती वाजता, कुणाची मजुरी बुडाली. येत्या ग्रामसभेत ती वही मोठ्यानं वाचा आणि पाच टक्क्यांचा हिशेब मागा. कलम ३८ चे अर्ज लिहून द्यायला मागच्या खोलीत टेबलं मांडली आहेत. जेवण झालं की तिकडे या. मी तिथेच बसलेला असेन.