मध्येच थिजणारी डिस्क: लिनक्सवर कारण कसं शोधायचं?

आजचा विषय सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी छळतो. मशीन एरवी मस्त चालतं, पण मध्येच पाच-दहा सेकंद सगळं थिजतं. डेटाबेसचं कमिट अडकतं, ॲपवर गोल चक्र फिरत बसतं, आणि तुम्ही लॉगिन करून बघेपर्यंत सगळं ठीक! मग कोणीतरी म्हणतं, रीस्टार्ट मार, नाहीतर नवीन एसएसडी घे. थांबा. आधी डिस्क काय करतेय ते बघू.

लिनक्समध्ये ॲपने फाइल लिहिली म्हणजे ती लगेच डिस्कवर गेली, असं नसतं. डेटा आधी रॅममधल्या पेज कॅशेत जातो. अशा पानांना 'डर्टी' म्हणतात. मोरीत खरकटी भांडी साचतात ना, अगदी तसं. कर्नल ती सवडीने घासतो. डर्टी पानं वापरण्याजोग्या मेमरीच्या 10 टक्क्यांवर गेली की मागच्या मागे घासणं सुरू होतं. आकडा 20 टक्क्यांकडे सरकला की लिहिणाऱ्या प्रोसेसलाच ब्रेक लागतो. हे कर्नलचे डिफॉल्ट आकडे.

आता हिशोब करा. वापरण्याजोगी मेमरी 16 जीबी असेल, तर 10 टक्के म्हणजे 1.6 जीबी. डिस्क सेकंदाला 100 एमबी लिहीत असेल, तर तेवढं उतरवायला 16 सेकंद! त्याच वेळी डेटाबेसने एफसिंक मागितलं, तर तो रांगेत अडकतो.

मग पकडायचं कसं? पहिली गोष्ट, सरासरीवर विश्वास ठेवू नका. मिनिटातले 6 सेकंद डिस्क पूर्ण बिझी असेल, तर मिनिटाचा ग्राफ फक्त 10 टक्के दाखवतो. म्हणून आयओस्टॅट दर सेकंदाला, वेळेच्या नोंदीसह चालवा आणि आउटपुट फाइलमध्ये साठवा. त्यात राइट अवेट, म्हणजे एका लिखाणाला किती मिलिसेकंद लागले, ते बघा. सोबत प्रॉक मेमइन्फोमधल्या डर्टी आणि राइटबॅक या दोन ओळीही नोंदवा.

डर्टी चढत गेलं आणि थिजण्याच्या क्षणी राइटबॅक उसळलं, तर कारण बहुतेक हेच. लिखाण कमी आणि वाचन जास्त असेल, तर बॅकअप किंवा क्रॉनमधलं एखादं काम शोधा. पिडस्टॅट प्रोसेसचं नाव सांगेल. आणि दोन्ही कमी असूनही अवेट वाढत असेल, तर डीमेसेज आणि स्मार्ट रिपोर्ट उघडा. तेव्हा डिस्कच आजारी असू शकते, आधी बॅकअप घ्या!

राइटबॅकच कारण असेल, तर टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये मर्यादा घाला. सुरुवातीला बॅकग्राउंडला 64 एमबी आणि वरची मर्यादा 256 एमबी ठेवून बघा. भांडी थोडी थोडी घासली की ढीग होत नाही. फार कमी ठेवलं, तर मोठ्या फाइल्स लिहिताना एकूण वेग घटू शकतो. म्हणून एका वेळी एकच आकडा बदला आणि पुन्हा मोजा.

एक मात्र करू नका. वेगासाठी फाइलसिस्टीमचे बॅरिअर बंद करा, असा सल्ला कोणी देईल. तसं केलं आणि वीज गेली, तर फाइलसिस्टीमच बिघडू शकते. दहा सेकंदांचा उशीर परवडतो, गेलेला डेटा नाही.

आज रात्री आयओस्टॅट लावून झोपा, सकाळी फाइल उघडा. भेटू पुढच्या भागात!